पेढा कुणाचा?

“एकसुद्धा अपघात नाही?” कारखानीसबाईंनी विचारलं.

“एकसुद्धा नाही, बाई! वर्षभरात कुणी भाजलं नाही, काही सांडलं नाही, काचेचा टवकाही उडाला नाही. विद्यापीठातली सर्वांत सुरक्षित प्रयोगशाळा... आमची! ढाल मिळाली!”

पेढ्यांचा पुडा मी त्यांच्यापुढे धरला. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी मी; मला सुरक्षेची ढाल! रसायनशास्त्र शिकवलं बाईंनी. त्यांना सांगितल्याशिवाय ती खरी वाटेना.

आतल्या खोलीत माझा ओजस वाट्या बडवत होता.

बाईंनी पेढा घेतला नाही.

“तुझी प्रयोगशाळेतली पोरं काम करतात ना गं? का नुसती बसून असतात?”

“अहो, जेवायचंसुद्धा भान नसतं त्यांना!”

“आणि काच फुटत नाही...”

“आधी फुटायची. माझ्या एका विद्यार्थिनीचा, तनयाचा फ्लास्क तडकला, अ‍ॅसिड टेबलभर. आपणहून सांगायला आली. मी सगळ्यांदेखत अशी झापली तिला, बाई! तेव्हापासून एकही नाही.”

“एकही नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही ना!”

...

आतला आवाज थांबला होता.

मी ताडकन उठले.

“बस की. किती छान शांत आहे.”

“शांत आहे म्हणूनच तर!” मी आत धावले.

वाटीनं बडवताबडवता बाईंच्या चिनीमातीच्या बशीचे तुकडे झाले होते. मधोमध ओजस.

“काय केलंस हे?” मी किंचाळले.

त्यानं हात पाठीमागे नेले.

“हातात काय आहे? उघड मूठ! उघड आधी!”

“काई नाई.”

मी जितकी ओरडले, तितकी त्यानं मूठ आवळली. आत धारदार तुकडा असणार.

बाईंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसल्या आणि स्वतःचा रिकामा तळवा त्याच्यापुढे धरला.

“फुटली होय रे? आजीच्या हातूनही फुटते कधीकधी. बघू तरी, तुला कसला तुकडा मिळाला?”

...

ओजसनं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

मूठ उघडली.

बशीची कड. तळव्यावर बारीकशी लाल रेघ.

बाईंनी तुकडा उचलला, पदरानं त्याचा हात टिपला. मग पुड्यातला पहिला पेढा काढून त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवला.

“बाई! बशी फुटली तुमची... आणि त्याला पेढा?”

बाईंनी पुडा पुन्हा नीट बांधला आणि माझ्या हातात परत दिला.

“तनयाला दिलास का गं?”