‘पुरे’ न म्हणणारा पाहुणा

पिकांच्या त्या राज्यात विहीर एकच होती, पाहुणचाराला मात्र अंत नव्हता.

राज्य लहान होतं. चारही बाजूंनी बांध, एका कोपऱ्यात काट्यांचं फाटक आणि मधोमध ती विहीर. तिच्यावर वाकून जे बोलावं ते ती जरा वेळाने परत म्हणून दाखवी. तिचं पाणी सगळ्यांना पुरे, कारण कोणालाच फार लागत नसे.

पाहुण्यांची रीत जुनी होती. पाहुणा आला की आधी त्याला पाणी, आणि तो ‘पुरे’ म्हणेपर्यंत घरच्यांनी ओठसुद्धा ओले करायचे नाहीत. ‘अजून किती?’ असं त्याला विचारणं म्हणजे तर घराची नाचक्कीच. रीतीचा आणखी एक भाग होता: नवा पाहुणा दारात आला की जुना घरचा होई आणि नव्याला पाणी द्यायला तांब्या त्या जुन्याच्या हाती जाई. हा भाग बहुतेक जण विसरले होते, कारण एका वेळी दोन पाहुणे यावेत इतकं ते राज्य प्रसिद्ध नव्हतं. येणारेही भिडस्त. वाऱ्यावर आलेला एखादा तीळ दुसऱ्या घोटालाच ‘पुरे’ म्हणे.

कारभार जोंधळेमामांकडे होता. त्यांनी एकदा उसाची कीर्ती ऐकली आणि त्याला मानाने बोलावून आणलं. ऊस आला. मामांपेक्षा उंच, अंगाने भरलेला, बोलायला गोड.

“बसा पाव्हणं, पानी घ्या,” मामा म्हणाले.

उसाने तांब्या एका दमात रिकामा केला. “छान आहे पाणी,” तो म्हणाला.

हे ‘पुरे’ नव्हतं. मामांनी तांब्या पुन्हा भरला. तांब्याची घागर झाली, घागरीचा हंडा झाला. ऊस दर वेळी तितक्याच अगत्याने “छान आहे” म्हणे आणि हंडा पुढे करी. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला तहान होती आणि कोणी नाही म्हणत नव्हतं. पुढे विहीरसुद्धा दिवसभर “छान आहे, छान आहे” म्हणू लागली, फक्त आवाज रोज थोडा खालून येई. शेजारच्या राज्यांत मामांच्या पाहुणचाराचं नाव झालं, आणि मामांना ते फार आवडलं.

बांधाच्या पायथ्याशी मटकी राहायची. जमिनीलगत पसरलेली, पदरी पोरांचं लेंढार. तिच्या धाकटीची पानं मिटू लागली, तशी ती मामांकडे आली.

“मामा, पोर वाळाय लागली. घोटभर तरी द्या.”

“अगं, पाव्हणं अजून पितंय. रीत हाय ती. मी कशी मोडू?”

“पाव्हणं जायाच्या आधी हीर जाईल,” शेजारून हुलगा म्हणाला. हुलगा स्वभावानेच रुक्ष. त्याचं कोणी मनावर घेत नसे.

मामांचा राग यावा अशीच ही गोष्ट आहे. पण रीत मोडायला छाती लागते, आणि मामांची सगळी ताकद कणसात गेली होती. मटकी तशीच घरी गेली.

सकाळी तिने पोरांना गोळा केलं, धाकटीला कडेवर घेतलं, बोचकं बांधलं आणि ती फाटकाबाहेर पडली. बाहेर राज्याकडे पाठ फिरवून क्षणभर उभी राहिली. मग वळून तिने हाक दिली:

“अवो, घरात हाय का कुनी? पाव्हणं आलोय आमी.”

मामा गडबडले. त्यांनी मटकीकडे पाहिलं, बोचक्याकडे पाहिलं. रीतीचा विसरलेला भाग त्यांना हळूहळू आठवला, आणि आठवल्यावर रीतीपुढे त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी तांब्या आणि दोर उसाच्या हाती दिला. “आता तुमी घरचं,” ते ओशाळून म्हणाले.

ऊस विहिरीकडे गेला. दोर सुटत गेला, सुटत गेला आणि संपला. तांब्या पाण्याला लागलाच नाही. तेव्हा त्या राज्यातला सर्वांत उंच रहिवासी पहिल्यांदाच कमरेत वाकला आणि त्याने विहिरीत पाहिलं. पाणी पार तळाला गेलं होतं. मग त्याने आपलीच पाती ओरबाडून दोराला जोडली आणि जेमतेम अर्धा तांब्या वर आला.

मटकीने आधी धाकटीला पाजलं, मग बाकीच्यांना. शेवटी स्वतः घोटभर घेतलं.

“पुरे,” ती म्हणाली.

तो शब्द इतक्या दिवसांनी ऐकून मामांना रडू आलं. तांब्यात थोडं उरलं होतं. फाटकाबाहेर आता हुलगा बोचकं घेऊन उभा होता, आणि त्याच्यामागे बांधाला धरून सारं राज्य रांगेत उभं होतं.

उसाने तांब्यातल्या पाण्याकडे पाहिलं. त्याचा घसा कोरडा पडला होता. तांब्या हातात धरूनच तो पुन्हा विहिरीवर वाकला आणि काहीतरी बोलला. ‘पुरे’ की पुन्हा ‘छान आहे’, ते कोणाला ऐकू आलं नाही. सगळे कठड्याशी येऊन कान देऊन उभे राहिले. पण विहीर इतकी खोल गेली होती की तिचं उत्तर वर यायला वेळ लागत होता.