बायजाचा शेष

शके सोळाशे एक्केचाळीस, वैशाख महिना, ऐन उन्हाळा. आज काठोकाठ भरलेला दिसतो तो आसरवाडीचा हा तलाव त्या वर्षी तळापर्यंत कोरडा पडला होता आणि त्याच्या मातीच्या बांधाला हात जाईल एवढ्या भेगा गेल्या होत्या, असे सांगतात. लागोपाठ तीन पावसाळे तो बांध फुटला होता. तिसऱ्या खेपेस पाणी खालच्या आळीत शिरले. त्यात धुरपदाचा भाऊ गेला, भावजय गेली, त्यांचे घरही गेले. मागे राहिली ती त्यांची लेक बायजा. धुरपदाला मूलबाळ नव्हते. तिने भाचीला उराशी धरले ते पोटच्या लेकीसारखे.

बांधाचे काय करावे, हे विचारायला गाव गुरवाकडे गेला. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, त्यांतली थोरली गुरवाच्या अंगात आली आणि दोनच शब्द बोलली म्हणे: "शेष ठेवा."

"शेष म्हणजे काय हो?" येसाजी पाटलाने विचारले.

"भागून उरतो तो," नारोपंत कुलकर्णी चटकन म्हणाला. "सारखे वाटे घातल्यावर जो कोणत्याच वाट्यात बसत नाही, तो शेष."

ठेवायचा तो कोठे, हे कोणी विचारले नाही. फुटक्या बांधात काय ठेवतात, हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाने ते मनातच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावाला तलावाच्या तळात उभे केले. तान्ह्यांसकट मोजून तीनशे एक माणूस. घराण्याच्या मानाप्रमाणे रांगा लागल्या. बायजाला घरच उरले नव्हते, म्हणून ती सर्वांच्या मागे. दोघादोघांच्या रांगा लावल्या, एक उरला. तिघातिघांच्या लावल्या, एक उरला. मग चारचारांच्या, पाचपाचांच्या, सहासहांच्या. दर वेळी एकच उरे, आणि दर वेळी ती बायजा असे.

"ना घर, ना दार. ती कुठल्या रांगेत मावायची?" कोणी म्हातारी पुटपुटली.

धुरपदा रांग मोडून पुढे आली. "सातांच्या लावा," ती म्हणाली. "आसरा सात आहेत. त्यांचा सवाल त्यांच्याच आकड्याने सोडवा."

"सातांची पंगत त्यांची," पाटील म्हणाला. "माणसाने त्या मांडणीत उभे राहू नये. पाच वेळा एकच उत्तर आले. आणखी काय पाहिजे?"

"पंत, तुम्ही तरी सांगा!"

नारोपंताने मोजणीचा कागद घडी करून कमरेला खोचला. 

बायजाला अजून काही उमगले नव्हते, असे सांगतात. ती एवढेच म्हणाली, "आत्या, पाय दुखायला लागले गं. घरी कधी जायचं?"

दिवस मावळायच्या आत भगदाड बुजले. त्यावर माती चोपताना हलगी मोठ्याने वाजवली होती. का, ते सांगायला नको.

आषाढात बांध फुटला. नेमका तेथेच.

मधल्या काळात गावात ना पाळणा हलला होता, ना तिरडी उठली होती. धुरपदा चावडीपुढे येऊन उभी राहिली. "आता सातांच्या रांगा लावा," ती म्हणाली. नाही म्हणायला पाटलाला तोंड उरले नव्हते. भर पावसात गाव उभा राहिला. बेचाळीस रांगा पुऱ्या भरल्या. त्रेचाळिसावीत सहा माणसे उभी होती, आणि शेवटची जागा रिकामी.

ती जागा सर्वांनी पाहिली. बायजा असती तर रांग पुरी झाली असती. कोणीच उरले नसते.

"सात त्रेचाळीस तीनशे एक," नारोपंत कुलकर्णी चिखलात बसत म्हणाला. "मला तेव्हाच ठाऊक होतं, धुरपदाबाई. पण ती सुटली असती, तर दुसरं कोणी शोधावं लागलं असतं. माझ्या घरी दोन लेकी आहेत."

धुरपदाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती गावाला म्हणाली, "आसरा 'द्या' म्हणाली नव्हती. 'ठेवा' म्हणाली होती. दर वैशाखात आपण शेवटचा घडासुद्धा उपसतो. तळ उघडा पडतो, बांधाची माती वाळून तडकते, आणि पहिल्याच पुरात जाते. शेष पाण्याचा ठेवायचा होता. तुम्ही माझी पोर ठेवलीत."

बांध पुन्हा सांधला. मागाहून आलेल्या सरींनी थोडे पाणी साचले. पुढच्या उन्हाळ्यात सात आळ्यांना सात वाटे घातले. तळाशी उरलेल्या डबक्याशी धुरपदा काठी घेऊन बसली. गुरे तडफडून मेली.

"एका पोरीचा सूड आमच्या गुरांवर काढतेस, कैदाशिणी!" लोक ओरडत.

"एकीचा सूड घ्यायचा असता, तर पाणी उपसू दिलं असतं," ती म्हणे, आणि काठी हलवत नसे.

आजही आसरवाडीत तलावाचे सात वाटे होतात आणि तळचे पाणी, कितीही दुष्काळ पडो, कोणी उपसत नाही. त्या पाण्याला 'बायजाचा शेष' म्हणतात. गणितात भाग पुरा गेला, तर तेथली मुलेही 'निःशेष' म्हणत नाहीत; 'भाग बसला' म्हणून पुढे जातात.

या प्रकरणाचा निकाल लागला तो शके सोळाशे बेचाळीस, आश्विन शुद्ध अष्टमीला. पाऊस सरला होता आणि बांध उभा होता. पाटलाने गावजेवण घातले. सातासातांच्या पंगती मांडल्या. धुरपदाला पहिल्या पंगतीचा मान दिला होता. ती शेवटच्या पंगतीत जाऊन बसली आणि शेजारी एक पान रिकामे मांडून घेतले. वाढप झाले. पाटलाने सवयीप्रमाणे विचारले, "सगळे बसले ना?"

साऱ्या गावात एकानेही होय म्हटले नाही.