पहिली खुर्ची

“आणि तिला कुठं बसवलं होतंस?”

“चौथ्या रांगेत.”

“पहिल्या रांगेत कोण होतं?”

“पाहुणे. अध्यक्ष. अध्यक्षांचा मेहुणा.”

चाचांनी नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

चाचा म्हणजे दस्तगीर तांबोळी. आरोग्य खात्यात तीस वर्षं प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन गावोगाव फिरले, कुष्ठरोगाच्या स्लाइड दाखवत. आता दर्ग्यामागच्या एका खोलीत राहतात. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडून घरी आलो तेव्हा बापानं माझ्याशी बोलणं बंद केलं. चाचांनी मला शिकवायला घेतलं. चित्र लोकांसमोर कसं मांडायचं ते.

पडद्यावर अक्षरं कमी. माणसाच्या तोंडावर अक्षर नाही. आणि ज्याचं चित्र, त्याला पहिली खुर्ची. म्हणजे गावाला दाखवायच्या आधी त्याच्या घरी जायचं, भिंतीला चादर लावायची, त्याला समोर बसवायचं आणि त्याचं चित्र आधी त्यालाच दाखवायचं. तो नको म्हणाला की स्लाइड परत डब्यात.

पहिले दोन नियम मी पाळले. तिसरा मला म्हाताऱ्याचा नखरा वाटला.

“तू आज कशाला आलास?” चाचांनी विचारलं.

“तुमची भिंत पाहिजे. पांढरी आहे. माफीचा व्हिडिओ करायचाय.”

“कुणाला दाखवायला?”

“गावाच्या ग्रुपवर टाकतो. सगळ्यांसमोर चूक झाली, तर माफी पण सगळ्यांसमोर मागावी.”

“ती असणार त्यात?”

“शेजारी उभी राहिली तर बरं दिसेल.”

चाचांनी एकदा भिंतीकडं पाहिलं.

“आधी ते दाखव,” म्हणाले. “तिथं जे दाखवलंस ते.”

मी लॅपटॉप आणि माझा छोटा प्रोजेक्टर लावला. चाचांनी खोलीतली एकुलती एक लोखंडी खुर्ची उचलून भिंतीसमोर ठेवली. मला वाटलं, ते बसणार. त्यांनी मला बसवलं.

स्वतः मागं जमिनीवर बसले. खांद्यावरचा रुमाल काढला आणि डोळ्यांवर बांधला.

“लाव.”

“तुम्हाला काय दिसणार?”

“लाव तू.”

मी लावलं.

आधी निळ्या शाईतला अंगठा, भिंतभर. मग सुलनबाईंचा चेहरा, हातात पाटी, लिहिताना जीभ दातांत धरलेली. फोटो हळूहळू मोठा होत जातो. मागं बासरी. आणि बासरीवर माझा आवाज, खास रात्रभर घासूनपुसून बसवलेला.

“या आहेत सुलनबाई. वय वर्षं एक्कावन्न. तीन महिन्यांपूर्वी यांना स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. संपूर्ण आयुष्य यांनी अंधारात काढलं…”

तेवढ्यानं झालं होतं सगळं.

आमच्याकडं एक संस्था आहे, ती बायकांचा साक्षरता वर्ग चालवते. वर्गाचा कार्यक्रम होता. अध्यक्ष अप्पासाहेब मला म्हणाले होते, “यशपाल, असं कर, की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” अप्पासाहेबांना पाणी नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांत लागतं. पण त्यांच्यावर ढकलून काय उपयोग? अंधार हा शब्द माझा होता.

सुलनबाईंचा नवरा, टेलरकाका, आंधळा आहे. साखरेनं सहा वर्षांपूर्वी डोळे गेले, दुकान गेलं. तेव्हापासून रोज सकाळी सुलनबाई त्याला पेपर वाचून दाखवायच्या. सगळा. पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत.

त्यांना एक अक्षर येत नव्हतं. पेपर उघडायचा आणि मनानं सांगायचं. सहा वर्षं.

ते खरं करावं म्हणून त्या वर्गाला आल्या. नवऱ्याला सांगितलं, बायकांना शिकवायला जाते. तोही बिचारा कौतुकानं कार्यक्रमाला आला, इस्त्रीचा सदरा घालून. फोटो असतील, ह्यांना काय दिसणार, असं बाईंना वाटलं असेल. फोटोतून आवाज येईल हे त्यांच्या ध्यानात कसं यावं?

माझा आवाज आला तेव्हा काकाचा हात त्यांच्या हातात होता. त्यानं तो काढून घेतला. मी मागून पाहिलं ते. आणि तरी पुढची स्लाइड लावली, कारण टाळ्या पडत होत्या.

अप्पासाहेब नंतर म्हणाले, “बाई भावुक होऊन लवकर गेल्या.”

ही सगळी हकिगत मला तीन दिवसांनी शेजारणीनं सांगितली. गेल्या नऊ दिवसांत सुलनबाई वर्गाला आलेल्या नाहीत. घरातला पेपर बंद केलाय.

“पुन्हा लाव,” चाचा म्हणाले.

पुन्हा अंगठा. पुन्हा जीभ दातांत धरलेली. पुन्हा मी, बासरीवर तरंगत, एका बाईचं आयुष्य अंधारात ढकलताना.

रुमाल बांधलेले चाचा मागं अगदी ताठ बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात बसल्यासारखे.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा ‘स्वतःचं नावसुद्धा’ आलं आणि मी बटण दाबलं. खुर्चीतून उठायचं होतं आणि उठवत नव्हतं.

“का थांबवलंस?” चाचा म्हणाले. “अजून नंतरचा फोटो यायचाय. सही करतानाचा. तो छान आला असेल.”

“चाचा, बास.”

“लोकांनी टाळ्या वाजवल्या ना?”

“बास म्हटलं ना.”

मग मी बोलायला लागलो. लाज वाटली की मला राग येतो, ते एक आहेच. म्हटलं, मी तिला विचारून फोटो काढला होता. काढू का म्हटलं, तर हो म्हणाली. म्हटलं, तुम्ही काय वेगळं केलंत? तीस वर्षं लोकांची झडलेली बोटं पडद्यावर दाखवलीत. त्यावर पगार घेतलात, पेन्शन घेताय. आता रुमाल बांधून पीर झालात. तुमच्या पिढीचं हे बरं आहे, करून सगळं घ्यायचं आणि म्हातारपणी नियम सांगायचे.

चाचांनी रुमाल सोडला. डोळे चोळले.

“काढू का विचारलंस,” ते म्हणाले. “दाखवू का?”



ते उठले. कोनाड्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या स्लाइड, एकेक कागदात गुंडाळलेली. तळाची एक काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती खिडकीकडं धरली. एका बाईचं पाऊल. पायात जोडवं. बोटाशी जखम.

“नोकरीचं पहिलं वर्ष,” चाचा म्हणाले. “तोंड नव्हतं दाखवलं. मला वाटलं, पाऊल कोण ओळखणार? पण त्या गावात तसलं जोडवं एकाच घरात होतं.”

“मग?”

“आठ दिवसांत तिला गोठ्यात ठेवली. जेवण लांबून सरकवायचे.”

“आणि तुम्ही?”

“मी पुढच्या गावाला गेलो. पडदा घेऊन.”



“म्हणजे पहिल्या खुर्चीचा नियम…”

“त्याच्या नंतरचा.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंत? जोडव्याचं? नियम सांगत बसलात नुसते.”

“लाज वाटली,” चाचा म्हणाले.

चाळीस वर्षांनी एवढं बोलले. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला लिहू. मला एवढंच वाटलं की हे दोन वर्षांपूर्वी, मला शिकवायला घेतलं तेव्हाच बोलले असते, तर कदाचित मी ती चादर लावली असती सुलनबाईंच्या घरी. कदाचित नसतीही लावली.

“तिच्या घरी गेला होतास?” त्यांनी विचारलं.

“दोनदा. व्हिडिओसाठी विचारायला. बाई आतून बाहेर आल्याच नाहीत.”

“आणि तो?”

“काका ओट्यावर बसलेले. मांडीवर जुना पेपर, घडी घातलेला. माझा आवाज ऐकला आणि ओळखला. तोंड फिरवलं.”

“काहीच बोलला नाही?”

“निघताना बोलले काहीतरी. टोमणा असणार.”

“काय?”

“म्हणाले, तिला विचार, धरण किती भरलं.”

चाचांचा हात डब्यावरच थांबला…

“कुठलं धरण?”

“आपलंच. वरचं. शेजारीण सांगत होती, बाई त्यांना रोज धरणाची बातमी द्यायच्या. चाळीस टक्के भरलं, मग बेचाळीस. काका म्हणायचे, पूर्ण भरलं की आपण दरवाजे उघडताना बघायला जाऊ. आता धरण मार्चपासून कोरडं पडलंय, गुरं चरतात त्यात. गावात सगळ्यांना माहीत आहे.”

“त्यालाही?”

“ओट्यावर बसतात दिवसभर. टँकरची वाट बघणाऱ्या बायका त्यांच्यासमोरच रांग लावतात. ऐकू तर येतं ना त्यांना.”

बोलून गेलो. माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. म्हणजे बाई मनानं सांगतात हे काकांना आधीच ठाऊक होतं.

“हे तू मला आल्याआल्या का नाही सांगितलंस?” चाचांनी विचारलं.

“व्हिडिओत बसत नव्हतं.”

मी खुर्चीवरून उठलो, प्रोजेक्टर बंद केला. भिंत पुन्हा भिंत झाली. खुर्चीकडं बघवेना, म्हणून वायर गुंडाळत बसलो, नको तितकी नीट.

“ते राहू दे इथं,” चाचा म्हणाले.

“काय?”

“सगळं. लॅपटॉप, ते यंत्र. फोन पण.”

मी फोन खुर्चीवर ठेवला. हात एकदम कशाला तरी धरायला बघायला लागले, धरायला काही नव्हतं.

चाचांनी उशाखालून सकाळचा पेपर काढला. त्यांनी अजून उघडलाही नव्हता. तो माझ्या हातात दिला.

“घेऊन जा. दोघांच्या मधे ठेव.”

“मी वाचून दाखवू त्यांना?”

“तू खूप बोललास.”

“मग कोण? बाईंना आत्ता कुठं जोडाक्षरं यायला लागलीत. त्यांना अख्खा पेपर नाही वाचता येणार, चाचा. त्या पुन्हा मनानंच सांगतील.”

“सांगू दे.”

“दारात तरी घेतील का मला?”

“नाही घेतलं तर ओट्याखाली बस. जमिनीवर.”

“आणि माफी?”

चाचांनी जोडव्याची स्लाइड माझ्या हातातून घेतली, कागदात गुंडाळली, डब्यात तळाशी ठेवली. झाकण लागत नव्हतं. दोन्ही हातांनी दाबून लावलं.

“माफी कधी मागू?” मी पुन्हा विचारलं.

“धरण भरेपर्यंत बस.”