महाराजांनी ओटी पसरली

निंबवाकडी गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात सुखगीर महाराज चातुर्मासासाठी उतरले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. महाराजांचा एक स्वभाव होता. कोणी रडत आलं की ते उपदेश करीत नसत, लहान मुलाच्या कुतूहलानं विचारपूस करीत बसत.

त्याच गावात मथुरा ही विणकाम करणाऱ्या साळ्याची सून होती. नऊ वर्षं वाट पाहिल्यावर तिला दिवस गेले, घरात आनंदीआनंद झाला. पण सातवा महिना लागला आणि मथुरेचं मन कशातच रमेना. मागावर बसली तरी धोटा हातात तसाच राही. सकाळी उठावं कशाला, हेच तिला उमजेना. सासू बिचारी रोज विचारी, कसले डोहाळे लागलेत, काय करून घालू? मथुरेला काही म्हणजे काही नको होतं. देवानं इतक्या वर्षांनी दिलं तरी आपल्याला आनंद होत नाही, याची तिला मनस्वी लाज वाटे. चार दिवस अन्नाचा कण पोटात गेला नाही. बाळाची हालचाल मंदावली आहे, असंच चाललं तर दोघांचं काही खरं नाही, असं सुईणीनं सासूला सांगितलं. मथुरेनं ते ऐकलं, तरी तिला घास गिळवेना.

घाबरलेल्या सासूनं डोहाळजेवण महाराजांसमोर, देवळातच घातलं. ओटी भरायचा पहिला मान अंबूताई देशमुखांचा. बाई सहा लेकरांची आई, मोठ्या ठसक्याची. मथुरेचा उतरलेला चेहरा पाहून त्या चारचौघींत म्हणाल्या, "आमची सहा बाळंतपणं झाली, पण असं तोंड पाडून बसलो नाही कधी. चार घागरी पाणी ओढायला लावा, जाईल सगळं." बायका हसल्या. मथुरेला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

महाराज पुढं येऊन बसले. "मुली, काय हवं ते सगळेच विचारतात. तुला होतं काय, ते सांग."

हे आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. मथुरा म्हणाली, "छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटतं, महाराज. निजावं, आणि परत उठूच नये."

महाराज रागावले नाहीत. सकाळी जास्त जड वाटतं की तिन्हीसांजेला, असं बारकाईनं विचारीत राहिले. मग खांद्यावरची छाटी दोन्ही हातांनी तिच्यापुढं पसरून म्हणाले, "आज तू आमची ओटी भर. जे जड आहे ते यात घाल."

बायका माना उंचावून पाहू लागल्या. ओटी भरायची ती सवाशिणीची, गोसाव्याची कोणी कधी भरली आहे का? मथुरेनं भीत भीत रिकामी ओंजळ छाटीत ओतली. पुन्हा ओतली. आणि काय नवल! छाटी मधोमध खोल गेली, महाराजांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गाठ मारून गाठोडं खाली ठेवलं.

"यात आहे तरी काय?" अंबूताई हसून म्हणाल्या.

"उचलून पाहा," महाराज म्हणाले.

अंबूताईंनी एक हात लावला, मग दोन लावले. गाठोडं तसूभर हललं नाही. मथुरा पाहत होती, बाई गाठोड्यावरचा हात न काढता तिथंच खाली बसल्या.

"हे ओझं माझ्या ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या खेपेला रोज विहिरीच्या काठाशी जाऊन उभी राहायची मी. कोणाला बोलले नाही. लाज वाटली."

हे ऐकून सुईण उठली, तिनं गाठोड्याला हात लावला. मग एक म्हातारी कुंभारीण आली. मग मथुरेची सासूच आली, डोळे पुशीत. चौघींच्या हातांनी गाठोडं सहज वर आलं. सोडून पाहिलं तर आत काही नाही! कुठं गेलं म्हणून एकीनं विचारलं. महाराज म्हणाले, "सगळ्यांनी थोडं थोडं नेलं."

मथुरेला छातीभर श्वास घेता आला. पोटात बाळानं लाथ मारली. तिनं दहीभात मागितला, चार घास खाल्ले. महाराजांनी मात्र बजावलं, हे पुन्हा येईल, आलं की एकटी बसू नकोस.

अंबूताईंनी महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. मग उठून, वयानं आणि मानानं मोठ्या असूनही, मथुरेपुढं वाकल्या. मथुरा अवघडून मागं सरली.

यथाकाल तिला मुलगी झाली. तोवर अंबूताई रोज दुपारी साळ्याच्या ओसरीवर येत, आणि टेकायच्या आधी विचारत, "आज जड वाटतंय का गं?"