श्रीपतीअण्णांची खुबी

एकदा एका भल्या गृहस्थाने देवापाशी असे मागणे मागितले, की ते ऐकून गाभाऱ्यातल्या देवानेही कानांवर हात ठेवले असतील. 'माझ्या धाकट्या भावाचा घसा बसू दे.' बस, एवढेच. धन नको, आयुष्य नको. आणि मागणारा कोण, तर त्याच देवळाचा गुरव! रोज सकाळी देवाला न्हाऊ घालायचे, फुले वाहायची आणि वर ही असली मागणी करायची. पण मंडळी, त्यांना नावे ठेवण्याची घाई करू नका. आधी हकिकत ऐका, मग हवे तर आपापल्या मनात डोकावून बघा.

श्रीपतीअण्णा हे त्यांचे नाव. पंचक्रोशीत मंगलाष्टके म्हणावीत ती अण्णांनीच. मुहूर्त जवळ आला की मुलीचा बाप भटजींकडे नंतर बघे, आधी अण्णांकडे. आवाज असा की माइक बंद पडला तरी मांडवामागच्या आचाऱ्याला शब्द न् शब्द कळावा. या आवाजाच्या जोडीला तंबाखूची चंचीही होती, हे सांगायलाच हवे. एका वर्षी घसा खरखरू लागला, मग घास गिळताना दुखू लागले, आणि डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावे लागले. जीव वाचला. श्वास घ्यायला गळ्यावर एक छिद्र राहिले, ते झाकायला फडके आले आणि तोंडातला शब्द गेला. चहा फुंकून प्यायची त्यांची जन्माची सवय. आता बशीवर फुंकर मारू गेले तर वारा निघे तो गळ्यातून. चहा आपला गरमच. अण्णा पाटीवर लिहून बोलू लागले.

मांडवातली त्यांची जागा रिकामी कशी राहणार? तिथे उभा राहिला रंगनाथ, धाकटा भाऊ. त्याला सगळे शिकवले होते अण्णांनीच. लग्नात मानाचा नारळ आणि टॉवेल-टोपी मिळाली की तो थेट घरी यायचा आणि सारे थोरल्या भावाच्या पायांशी ठेवायचा. अण्णांना वाटे, मला दाखवायला आणतो मेला! शेजारच्या आळीत लग्न असले की ते कानांत कापूस घालून, वर पंखा मोठा करून बसत. एकदा रंगनाथला पडसे झाले, तर त्या दिवशी अण्णांना अर्धी भाकरी जास्त गेली. त्यांच्या पत्नीला वाटले, चला, प्रकृती सुधारते आहे.

अशात अण्णांच्या लेकीचे, केतकीचे लग्न ठरले. त्यांच्या घराची रीत अशी, की घरच्या मुलीचे पहिले मंगलाष्टक घरातल्या कर्त्या पुरुषाने म्हणायचे. अण्णांच्या मनात आले, लेक माझी, मांडव माझा, आणि आवाज त्याचा? हे म्हणजे जिवंतपणी वारसा वाटल्यासारखे झाले.

जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात दर गुरुवारी एक वर्ग भरे. स्वरयंत्र गेलेली माणसे तिथे पुन्हा बोलायला शिकत. शिकवणारे कुणी डॉक्टर नव्हते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते, दगडूआबा. बावीस वर्षांपूर्वी त्यांचेही स्वरयंत्र असेच गेले होते. तोंडातली हवा अन्ननलिकेत दाबायची, ढेकर यावी तशी वर आणायची आणि जिभेने, ओठांनी तिचे शब्द करायचे, ही ती विद्या. आवाज निघतो तो जाडाभरडा, आणि एका दमात तीनचार शब्दांपलीकडे जात नाही. पण माणूस बोलतो.

अण्णांनी पहिल्याच दिवशी आबांपुढे पाटी धरली. 'फक्त लेकीच्या मंगलाष्टकापुरता आवाज द्या. पुढे जन्मभर मुका राहीन.' आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी 'पा' म्हणायला सांगितले.

पाच महिने झाले, 'पा' काही निघेना. मागाहून आलेले लोक नातवंडांना हाका मारू लागले आणि अण्णा आपले तोंड उघडून बसलेले. त्या लोकांचाही त्यांना हेवा वाटू लागला. मत्सराचे असेच असते. एकदा घरात घेतला की तो पाहुणे गोळा करतो.

एका गुरुवारी आबांनी अण्णांच्या मानेवर दोन बोटे ठेवली.

"ही मान नाही, श्रीपती. मूठ आहे," ते म्हणाले. "कुणावर उगारलीस?"

अण्णांनी पाटीवर काहीतरी लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी पाटी पुढे केली. 'भाऊ. तो आजारी पडला की मला बरे वाटते.' आबांनी ते वाचले, पाटी काढून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवून दिली.

"पुढच्या गुरुवारी. त्याला घेऊन ये."

पुढच्या गुरुवारी रंगनाथ आला आणि दाराशी अंग चोरून बसला. आबांनी त्याला अण्णांच्या अगदी समोर बसवले आणि ते म्हणाले, "मंगलाष्टक म्हण."

वर्गातले सगळे चपापले. ज्याचा आवाज गेला त्याच्यापुढे गायचे? जखमेवर मीठ चोळणे म्हणतात ते हेच की! रंगनाथने हात जोडले. "आबा, अण्णांसमोर नको हो. त्यांना त्रास होतो."

"म्हण," आबा म्हणाले. "लेकीचं म्हण."

प्रत्येक लग्नात नवरीसाठी म्हणायचे ते मंगलाष्टक अण्णांनीच रचलेले होते. रंगनाथने डोळे मिटले आणि सूर लावला.

"आली लाडकि लेक मां..." इथे त्याने ऐटीत श्वास घेतला, "...डवतळी, गंगाजळी न्हाउनी..."

अण्णा दचकले. आज कानांत कापूस नव्हता आणि मोठा करायला पंखाही नव्हता. 'मांडव' या शब्दाचे सरळ दोन तुकडे? मांडवतळीपर्यंत ओळ एका श्वासात जायला हवी, हे पोरसवदा शिष्यालाही कळते! त्यांनी पाटीसाठी हात चाचपला. पाटी कपाटात. त्यांनी हात हलवला, पण गाणाऱ्याचे डोळे मिटलेले.

"पुन्हा म्हण," आबा रंगनाथला म्हणाले.

"आली लाडकि लेक मां..."

"थांब!"

कोण बोलले ते कुणालाच कळले नाही. रिकाम्या घागरीत बोलल्यासारखा आवाज होता. रंगनाथने डोळे उघडले. अण्णा अर्धवट उभे राहिले होते, चेहरा लालबुंद. बोलले आपण, हे त्यांच्या गावीही नव्हते.

"तोडू... नको," ते पुढे म्हणाले.

रंगनाथ रडायलाच लागला. "अण्णा, पण तुम्हीच तिथं थांबायचात की! तुमच्या शेवटच्या लगनसराईत सगळ्या लग्नांत थांबलात. मी विचारलंही होतं, इथं का थांबता? तुम्ही म्हणालात, ती खुबी आहे, तुला नाही कळायची. मी दोन महिने घोटली, तेव्हा कुठं जमली."

अण्णा मटकन खाली बसले. त्या लगनसराईत दुखण्याने घसा धरला होता, ओळ संपण्याआधीच श्वास संपत होता. तसे कबूल करायची लाज वाटली, म्हणून 'खुबी' म्हणून वेळ मारून नेली. आणि या वेड्याने गुरूचे दुखणेसुद्धा दागिना समजून दोन महिने घोटले! ज्याचा घसा बसावा म्हणून देवाला साकडे घातले, तो आपला आजारही जिवापाड जपत होता. अण्णांना रडू फुटले. त्याला आवाज नव्हता. गळ्यावरचे फडके तेवढे थरथरत होते.

 आबा एकेक दम घेत बोलले.

"श्रीपती, इतके दिवस. तू त्याचं गाणं. ऐकलंच नाहीस. त्याला मिळालेल्या टाळ्या. तेवढ्याच ऐकल्यास. गाणं ऐकलं असतंस. तर चूक तेव्हाच. सापडली असती. आज ती सापडली. सुधारायची घाई झाली. स्वतःला विसरलास. मूठ सुटली. हवेला वाट मिळाली." पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "हेवा करणाऱ्याला वाटतं. समोरचा चुकावा. शिकवणाऱ्याला वाटतं. तो चुकू नये. एका गळ्यात. दोघं मावत नाहीत."

अण्णांनी डोळे पुसले आणि मोठ्या कष्टाने विचारले, "जुना... आवाज?"

"तो गेला. आता हा तुझा."

त्या दिवसापासून दोघे भाऊ रोज सकाळी देवळाच्या ओट्यावर बसू लागले. एक श्वास धरायला शिकत होता, दुसरा श्वास सोडून हवा गिळायला. भांडणेही झाली. चुकले की अण्णा आता पाटी शोधत नसत, तोंडानेच खडसावत. रंगनाथ बोलणी खाई आणि घरी जाऊन बायकोला सांगे, "आज अण्णांनी मला चार वेळा गाढव म्हटलं, स्पष्ट!"

लग्नाचा दिवस उजाडला. अंतरपाट धरला गेला. पलीकडे नवरदेव, अलीकडे केतकी. भटजींनी रीतीप्रमाणे विचारले, "पहिलं मंगलाष्टक कोण म्हणणार?" कुणी अण्णांकडे बघेना; बायकांनी अक्षतांच्या मुठीत नजरा घातल्या. रंगनाथ तर खांबाआड जाऊन उभा राहिला, कारण मान थोरल्याचा होता आणि तो घ्यायचे धाडस त्याच्यात नव्हते.

अण्णा दोन पावले पुढे आले. गळ्यावरचे फडके त्यांनी नीट केले. हवा आत घेतली, एकदा हुकली, पुन्हा घेतली.

"रंगनाथ, इकडे ये," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेले. "तू म्हण."

केतकीने वडिलांचा हा नवा आवाज कधीच ऐकला नव्हता. लग्नापर्यंत तिला कळू द्यायचे नाही, असे दोघा भावांनी ठरवले होते; घरात अण्णा पाटीवरच लिहीत. ती हारासकट मागे वळली. भटजी म्हणत होते, "अगं, समोर बघ, मुहूर्त चुकेल," पण ऐकतो कोण!

मंगलाष्टके रंगनाथने म्हटली, आणि उत्तम म्हटली. पण त्या लग्नाहून परतलेल्या माणसांना कुणी विचारले, की मांडवात काय ऐकलेत, तर ती एवढेच सांगत, "श्रीपतीअण्णा बोलले."