कोरड्या तळ्यातली मरळ

पिंपळटोल्याच्या मालगुजाराने तळ्याचा पाट आपल्या उसाकडे वळवला, आणि होळीलाच तळं आटलं. मासे धरणाऱ्या ढिवरांची जाळी खुंटीला लटकली. सगळे मिळून पाट मागायला गेले, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "मेलेल्या तळ्याला पाणी कशाला? तीन दिवसांत तिथला एक जिवंत मासा दाखवा, पाट मोकळा करतो. नाहीतर तिथेही ऊस लावतो."

दोन दिवस गावाने तळं खणलं. हातांना फोड आले, मासा काही मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपार कलली, तसे लोक एकमेकांची नजर टाळू लागले. काठावर मालगुजाराचे नांगर येऊन उभे होते, आणि तो स्वतः छत्रीखाली बसला होता.

म्हातारी भिवराबाई मात्र अनवाणी पायांनी तडकलेल्या मातीवर हळूहळू चालत होती. एका जागी तिच्या टाचेला गारवा लागला. "इथे खणा," ती म्हणाली.

गुडघाभर खाली ओल्या चिखलात हातभर लांब मरळ निघाली. ती हलेचना. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मग तिने शेपटी आपटली.

छत्रीखालचा मालगुजार उसळला. "ही लबाडी आहे. पाण्यावाचून मासा इतके दिवस जगतोच कसा?"

"तुमच्या गावात आम्ही जगतो तसाच, मालक," मरळीवर ओला चिखल सारत भिवराबाई म्हणाली. "चिखलात दडून, श्वास धरून, तुम्ही पाणी कधी सोडता त्याची वाट पाहत."

शब्द चारचौघांत दिलेला होता. मालगुजाराने नांगर माघारी फिरवले, आणि दिवस मावळायच्या आत मरळीच्या पाठीला पाणी लागलं.