टिटवीनं काय ओरडावं

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा माळावरचे ससे बोलायचे आणि, दुर्दैवानं, सभाही भरवायचे.

त्या माळावर एक टिटवी राहायची. कोल्ह्यांची टोळी दिसली की ती टिपेच्या आवाजात ओरडायची, "कोल्हे आले, पळा!" ससे पळायचे, वाचायचे आणि मग तिच्याच नावानं कुरकुरायचे. पिल्लं दचकतात म्हणे! कोल्ह्यांचं नाव असं चारचौघांत घेणं बरं दिसत नाही म्हणे!

शेवटी सशांचे पुढारी भुरेतात्या यांनी सभा बोलावली. पन्नास ससे जमले. तात्यांना विचारल्याशिवाय टिटवीनं तोंड उघडायचं नाही, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी टिटवी धापा टाकत आली. "तात्या, कोल्हे आलेत! ओरडू का?"

"ओरड की. पण 'कोल्हे' नको, 'पाहुणे' म्हण. आणि 'पळा' फार उद्धट वाटतं, 'या' म्हण."

"अहो, ते गवतात शिरलेत!"

"मग वेळ कशाला घालवतेस? सांगितलं तसं ओरड."

टिटवीनं डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "पाहुणे आले, या!"

तात्या सोडून बहुतेक सगळे ससे स्वागताला धावले.

संध्याकाळी पुन्हा सभा भरली. टिटवीचा संयम सुटला. "तात्या, काल इथं पन्नास जण होते. आज अकरा आहेत. दिसतंय का तुम्हाला?"

तात्यांनी रिकाम्या माळावर सावकाश नजर फिरवली आणि समाधानानं मिशा हलवल्या.

"बघ," ते म्हणाले, "आता तक्रार करणारं कुणी आहे का?"